'रिटर्न भरून मिळेल': फुकटचं पोर्टल आणि नाक्यावरचं दुकान

जून उजाडला की ठाणे स्टेशनबाहेर, वागळे इस्टेटच्या नाक्यांवर आणि दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत एमआयडीसीच्या कडेकडेने एकसारख्या पाट्या दिसू लागतात: पॅन, पीएफ, रिटर्न, रिफंड. आत एक लॅपटॉप, झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचा डबा. समोर कंत्राटी कामगार, डिलिव्हरी करणारी मुलं, हाउसकीपिंगच्या बायका, सिक्युरिटीवाले. त्यांचा प्रश्नही ठरलेला: दोन मुलं आहेत, शाळेची फी भरतो, किती परत मिळेल?

खरं उत्तर असं: मुलांमुळे एक रुपयाही नाही. मिळेल ते तुमच्याच कमाईतून आधी कापलेलं, आणि ते परत आणायला सरकारी पोर्टल एक पैसा घेत नाही. महिना वीस-तीस हजार कमावणाऱ्या, मुलंबाळं असलेल्या माणसाच्या नजरेतून ते पोर्टल आणि हे दुकान, दोन्ही इथे तपासले आहेत. हिशेब २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण २०२५-२६चं रिटर्न जुन्या, १९६१च्या कायद्यानेच जातं. त्यामुळे खालचे क्रमांक जुनेच आहेत.

रिफंड म्हणजे काय आणि काय नाही

अमेरिकेत १९७५ पासून 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट' आहे. पगार कमी आणि घरात मुलं असतील, तर कर शून्य असला तरी सरकार वरून पैसे देतं. २०२४च्या करवर्षात तीन किंवा जास्त मुलांच्या कुटुंबासाठी ही रक्कम जास्तीत जास्त ७,८३० डॉलर होती. ब्रिटनमध्ये २००३ पासून 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट' चाललं आणि एप्रिल २०२५ मध्ये ते बंद होऊन सगळं 'युनिव्हर्सल क्रेडिट'कडे गेलं. तसा फॉर्म आपल्याकडे शोधून सापडणार नाही. आपल्या आयकरात रिफंडला एक छत आहे: वर्षभरात तुमच्या पॅनवर जेवढा कर जमा झाला, त्याहून जास्त (थोडं व्याज सोडलं तर) परत येत नाही. कापलेच नसतील, तर दहा मुलांच्या फीच्या पावत्या लावूनही शून्यच.

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. कलम ८७अ खालची ६०,००० रुपयांपर्यंतची करसूट धरली, तर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी. महिना २४,००० म्हणजे वर्षाला २,८८,०००. इथे ८७अ पर्यंत जायचीही गरज पडत नाही. घरात मूल एक असो की चार, आकडा तोच.

मग ती फीची पावती? ८०सी मध्ये दोन मुलांची ट्यूशन फी चालते हे खरं. फक्त ट्यूशन फी. डेव्हलपमेंट फी, देणगी, बसचे पैसे नाहीत. पूर्ण वेळ शिक्षण हवं, शाळा-कॉलेज भारतातलं हवं, आणि पीएफ-विम्यासकट एकूण मर्यादा दीड लाख. पण ही वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. तिथलाच मुलांचा शिक्षण भत्ता म्हणजे मुलामागे महिना १०० रुपये, तोही दोघांपुरता. कर मुळात शून्य असलेल्या माणसाला या पावत्यांचा उपयोग नाही. 'पावत्या आणा, रिफंड वाढवून देतो' असं कोणी म्हणालं की लॅपटॉप बंद करायला सांगावा. उत्पन्न कमी दाखवून वा खोटी वजावट टाकून पैसे आणले, तर २७०अ खाली त्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड बसतो, आणि तो दुकानदाराला नाही, पॅनधारकाला. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा बनावट वजावटी लावून देणाऱ्यांविरुद्ध अनेक राज्यांत एकाच वेळी पडताळणी केली, त्यात महाराष्ट्रही होता.

पैसे खरोखर कुठे अडकलेले असतात

पहिली जागा कंत्राटदाराची. कामगाराला पगारावर न दाखवता 'प्रोफेशनल' किंवा 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणून दाखवलं, की कलम १९४जे खाली १० टक्के किंवा १९४सी खाली १ टक्का कर पैसे देतानाच कापला जातो. यालाच टीडीएस म्हणतात. वर्षाला २,८८,००० मिळवणाऱ्या डेटा-एंट्री ऑपरेटरचे १० टक्क्यांनी २८,८०० जातात, १ टक्क्याने २,८८०. पॅन दिला नसेल किंवा आधारला न जोडल्याने तो निष्क्रिय झाला असेल, तर २० टक्के, म्हणजे ५७,६००. हे सगळे परत येऊ शकतात, कारण कर शून्य आहे. वर्षभरात कापलेला टीडीएस २५,००० किंवा जास्त असेल, तर उत्पन्न मर्यादेखाली असूनही रिटर्न भरणं सक्तीचं होतं. ही अट बहुतेकांच्या कानावरच गेलेली नसते.

दुसरी जागा पीएफची, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे सोडून दिले जातात. कंत्राटदार बदलला की कामगार जुना पीएफ काढून घेतो. नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल, तर १९२अ खाली १० टक्के कापले जातात, वैध पॅन नसेल तर २० टक्के. ६८,००० काढले की ६,८०० गेले. त्या वेळी पॅनसोबत फॉर्म १५जी ('माझ्यावर कर लागत नाही, कापू नका' असं लिहून देण्याचा) दिला असता तर कापलेच नसते. गेलेले रिटर्नमधून येतात, पण इथे दुकानवाला हमखास चुकतो: तो अख्खी रक्कम उत्पन्नात टाकतो. त्यातलं तुमचं स्वतःचं अंशदान उत्पन्न नाही (त्यावर ८०सी घेतलेली नसेल तर). मालकाचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगारात जातं, तुमच्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्नात. एवढ्या कमी कमाईत करावर फरक पडत नाही, पण रिटर्नवर फुगलेलं उत्पन्न पुढे उत्पन्नाच्या दाखल्यात नडतं. त्यापेक्षा पीएफ काढण्याऐवजी नव्या खात्यात वर्ग केला, तर आधीची वर्षंही पाच वर्षांत धरली जातात.

तिसरी जागा डिलिव्हरीवाल्यांची. रक्कम लहान असते, पण माणसं पुष्कळ. ३,१०,००० च्या कमाईवर १ टक्का म्हणजे ३,१००.

पोर्टल: कुठे उत्तम, कुठे डोकं उठवणारं

आयकराचं ई-फाइलिंग पोर्टल. फी शून्य. मुखपृष्ठाला मराठीचा पर्याय आहे, पण खऱ्या कामाचे रकाने इंग्रजीत. लॉगिनला पॅन हाच युजर आयडी, आणि आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा. आधारवर जुना नंबर असेल, तर आधी आधार केंद्रात तो बदला (७५ रुपये), मगच पुढे. हे न करता बसलेला माणूस शेवटी दुकानदाराचा नंबर टाकतो, आणि तिथून बहुतेक घोळ सुरू होतात.

पहिलं काम रिटर्न नाही, २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा. ई-फाइल मेन्यूतून ते उघडतं आणि ट्रेसेस या टीडीएस नोंदींच्या सरकारी साइटवर नेतं. कोणी, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला, किती कापलं ते ओळीनं दिसतं. शेवटच्या रकान्यात 'एफ' असेल तर रक्कम पक्की जमा आहे. 'यू' असेल तर कापणाऱ्याने भरलेली रक्कम जुळलेली नाही. ती ओळ मागून रिफंड येत नाही, उलट मागणीची नोटीस येते. जानेवारी ते मार्चचं विवरण भरायला मालकाला ३१ मेपर्यंत मुदत असते, म्हणून मेमध्ये उघडलं तर शेवटची तिमाही रिकामीच दिसते. जूनच्या मध्यानंतर बघावं.

ओळच नसेल, तर कंत्राटदाराने पॅन चुकवला आहे किंवा कापलेले पैसे भरलेच नाहीत. पॅनची चूक तोच दुरुस्ती विवरण भरून सुधारू शकतो, पोर्टलवर तुम्हाला काही करता येत नाही. त्याच्याकडून पगाराचा फॉर्म १६ किंवा इतर रकमांचा १६ए लेखी मागा. टीडीएस विवरण उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये फी त्याच्यावर बसते. ही गोष्ट सौम्य आवाजात आठवण करून दिली तरी काम हलतं.

आता फॉर्म. फक्त पगार आणि बँकेचं व्याज असेल तर आयटीआर-१. १९४सी किंवा १९४जे ची ओळ असेल, तर आयटीआर-१ भरू नका. टीडीएस परत मागितला पण ज्या कमाईवर तो कापला ती दाखवलीच नाही, की १३९(९) खाली 'दोषपूर्ण रिटर्न'ची नोटीस येते आणि १५ दिवसांत सुधारावं लागतं. अशा उत्पन्नाला बहुतेक वेळा आयटीआर-४ आणि कलम ४४एडी (हिशेबवह्या न ठेवता ठरावीक टक्के नफा दाखवण्याची सोय) लागतं. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवायचा, आणि खरा नफा जास्त असेल तर तो जास्त आकडाच लिहायचा. दुकानं डोळे मिटून ६ टक्के टाकतात. ३,१०,००० वर १८,६००! वर्षाला १८,६०० वर जगणारं कुटुंब, आणि त्याच खात्यातून दरमहा खोलीभाडं जातंय. पेट्रोल, दुरुस्ती, मोबाइल वजा जाता दोन लाख उरत असतील, तर दोन लाखच लिहा. कर तरीही शून्य आहे, मग कमी दाखवण्यात कमावलं काय? कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न मात्र ४४एडी मध्ये बसत नाही. त्याला आयटीआर-३ लागतो, आणि तिथे मात्र माहितगार माणसाला पैसे देणं योग्य.

नवी की जुनी करप्रणाली, या प्रश्नावर काही न करणं हेच उत्तर: नवी प्रणाली आपोआप लागू असते.

बँक खातं हा पोर्टलचा सगळ्यात चिवट भाग. प्रोफाइलमध्ये 'माय बँक अकाउंट' इथे खातं 'व्हॅलिडेटेड' दिसायला हवं आणि रिफंडसाठी निवडलेलंही. अडतं ते बहुधा नावावर. बाईंचा पॅन माहेरच्या नावावर, खातं सासरच्या. किंवा पॅनवर वडिलांचं मधलं नाव, बँकेत नवऱ्याचं. आपल्याकडे हे घरोघरी आहे, आणि प्रणालीला त्यातलं काही कळत नाही. दोन्हीपैकी एक दुरुस्त करूनच पुढे जा. विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी हेही नेहमीचं कारण, आणि बराच काळ न वापरल्याने निष्क्रिय झालेलं जनधन खातं हे तिसरं. रिफंड परत फिरला तर घाबरू नका; खातं सुधारून 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकता येते.

शेवटी पडताळणी. आधार ओटीपीने दोन मिनिटांत होते. ३० दिवसांत केली नाही, तर ज्या दिवशी कराल तीच रिटर्नची तारीख धरली जाते. 'भरलंय पण पैसे आले नाहीत' या तक्रारींत हा टप्पा राहून गेलेला असण्याची शक्यता सगळ्यात आधी तपासा. पगारदाराची मुदत एरवी ३१ जुलै, उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत. ५ लाखांपर्यंत उत्पन्नाला उशिराची फी १,००० रुपये, पण उत्पन्न मूळ सूट-मर्यादेखाली असेल आणि (वर सांगितलेल्या २५,००० च्या टीडीएससारख्या कारणाने) रिटर्न सक्तीचं नसेल तर तीही नाही. वेळेत भरलं तर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याजही मिळतं, आणि ते पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं असतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ओटीपी रेंगाळतो आणि लॉगिन तुटतं. त्या आठवड्यात पोर्टलला आमच्याकडून काठावर पास. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री जेवणानंतर बसाल तर हीच सेवा पैकीच्या पैकी.

मागच्या वर्षांचे राहिलेले? ३१ डिसेंबर उलटल्यावर दुकानं 'अपडेटेड रिटर्न' सुचवतात. ते रिफंडसाठी चालतच नाही, ते फक्त जास्तीचा कर भरायला आहे. रस्ता आहे तो विलंब माफीचा, ११९(२)(ब) खाली. १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकानुसार त्या करनिर्धारण वर्षाच्या (कमाईच्या वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपासून पाच वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. पोर्टलवर 'कंडोनेशन रिक्वेस्ट' म्हणून सोय आहे. कारण लिहावं लागतं, मंजुरी अधिकाऱ्याच्या हातात असते आणि वेळ लागतो. २,८८० साठी कदाचित कोणी करणार नाही, २८,८०० साठी जरूर करावं.

दुकान: कधी जावं, कधी उठून यावं

दुकानाचा फायदा नाकारण्यासारखा नाही. माणूस मराठीत बोलतो, स्कॅनर असतो, रविवारी उघडं असतं. साध्या आयटीआर-१ ला पाचशेच्या आसपास घेणारं दुकान महाग म्हणता येणार नाही. एका दिवसाचा खाडा त्याहून महाग पडतो. पण फी ठरलेल्या रकमेची हवी. 'रिफंडच्या वीस टक्के' म्हणणाऱ्याला आकडा फुगवण्यातच फायदा असतो, दुसरं कारण लागत नाही.

दुकानातून उठण्याआधी स्वतःच्या फोनवर तीन गोष्टी पाहा. प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना. दुकानाचा असेल तर नोटीस त्याच्याकडे जाईल, तुम्हाला कळणारही नाही. रिफंडचं खातं तुमचंच आहे ना. आणि भरलेल्या रिटर्नची पावती, म्हणजे आयटीआर-व्ही, पीडीएफमध्ये तुमच्याकडे आली ना. पासवर्ड दुकानाने बनवला असेल तर तिथेच बदला. वागळे इस्टेटमध्ये आयकराचं कार्यालय आहे हे खरं, पण रिटर्नची प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात होते. रिफंड अडकला म्हणून तिथे खेटे घालण्यापेक्षा १८०० १०३ ००२५ वर पावती क्रमांक हाताशी ठेवून फोन करावा.

एक छुपी चूक दुकानाच्या हौसेतून होते. कर्जासाठी उपयोगी पडेल म्हणून पाच लाखांचं रिटर्न भरून देतात. कर लागत नाही म्हणून गिऱ्हाईकही खूश. मग तोच माणूस मुलीच्या योजनेसाठी किंवा आरटीईच्या प्रवेशासाठी एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला मागायला जातो, आणि रिटर्न आडवं येतं.

मुलांचे पैसे आहेत, पण दुसऱ्या खिडकीवर

पगाराच्या चिठ्ठीतला व्यवसाय कर आधी पाहा. महिना १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे २०० जातात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत हा कर नाही. कंत्राटदाराच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो अजून कापला जात असेल, तर ते चूक आहे, आणि आयकर पोर्टल त्यात काही करू शकत नाही. मालकाकडेच मागावं लागतं. मुलाशी थेट जोडलेली एक सूटही याच कायद्यात आहे: कलम २७अ प्रमाणे मतिमंद व्यक्तीच्या किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांना व्यवसाय कर माफ असतो. अपंगत्वाचा दाखला एचआरला द्यायचा, एवढंच काम.

घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर 'लेक लाडकी': जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठराव्या वर्षी ७५,०००, मिळून १,०१,०००. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे. इथे महिना चोवीस हजारवाले बसत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

बांधकामावरच्यांसाठी, आणि त्यात रंगारी, प्लंबर, लाद्या बसवणारे, वायरमन सगळे आले, इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ या सगळ्यांपेक्षा मोठं आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन नोंदणी केली, की पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,०००. शाळेतली हजेरी ७५ टक्के हवी. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर, कारण नाका कामगाराचा ठेकेदार दर आठवड्याला वेगळा. नोंदणीचं नूतनीकरण चुकलं की त्या वर्षाची मदतही चुकते. पीएफ आणि टीडीएसपेक्षा इथे हाती येणारी रक्कम जास्त असू शकते, तरी नाक्यावरच्या पाट्यांवर हे नाव क्वचितच दिसतं. कमिशन नाही ना.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निघण्याआधी तालुका बघून घ्या. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळं ठाणे तालुक्यात येतं, त्यामुळे दाखला ठाण्याच्या तहसीलदारांचा. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्हा. 'आपले सरकार'वर अर्ज करताना पत्त्यात नवी मुंबई लिहून जिल्हा चुकला, की अर्ज फिरून येतो आणि शाळेची मुदत तोवर निघून जाते.